गेम गोडोमध्ये केला, मग पब्लिशर शोधायला निघालो

पब्लिशरांच्या, म्हणजे गेमला पैसे लावून तो बाजारात आणणाऱ्या कंपन्यांच्या, फॉर्ममध्ये गेमचं नाव, प्रकार, किती पैसे हवेत, डेमो कुठे आहे असे सगळे रकाने भरून झाले की खाली कुठेतरी 'इंजिन', म्हणजे गेम कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये बांधला, असा एक लहानसा रकाना असतो. आम्ही त्यात 'गोडो ४' लिहिलं. मग पुढचे कितीतरी महिने त्याच दोन शब्दांवर उत्तरं देत होतो, आधी ईमेलवर, मग व्हिडिओ कॉलवर, मग बजेटच्या तक्त्यात आणि शेवटी कराराच्या मसुद्यात. "कोणतं इंजिन घेतलं की पब्लिशर मिळतो?" असं नवे लोक हल्ली मला विचारतात. एका वाक्यात सांगण्यासारखं उत्तर नाही, म्हणून आमचं काय काय झालं ते लिहून ठेवते.

आम्ही तिघं. मी कोड लिहिते, एक मित्र चित्रं काढतो आणि एक मैत्रीण अर्धवेळ संगीत आणि आवाज बघते. गेम द्विमितीय आहे. रेल्वे जंक्शनच्या सिग्नल केबिनमध्ये बसायचं, कोणती गाडी आधी सोडायची ते ठरवायचं आणि रात्र पार पाडायची. मजकूर भरपूर, सगळं माउसवर. यातलं माउसचं पुढे महागात पडणार होतं, पण ते नंतर.

पहिला प्रोटोटाइप युनिटी या दुसऱ्या इंजिनात होता. मला सी-शार्प येत होतं, अडलं की कुठेतरी उत्तर सापडायचं, एवढंच कारण. मग १२ सप्टेंबर २०२३ उजाडला. त्या दिवशी युनिटीने 'रनटाइम फी' जाहीर केली. १ जानेवारी २०२४ पासून, गेमने वर्षात २ लाख डॉलर कमावले आणि एकूण २ लाख इन्स्टॉलचा टप्पा ओलांडला, की पर्सनल, म्हणजे फुकट, लायसन्सवाल्याने त्यापुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे २० सेंट द्यायचे. खरं सांगायचं तर आमचा गेम २ लाख डॉलरच्या आसपास जरी फिरकला असता तरी आम्ही नाचलो असतो, त्यामुळे त्या २० सेंटांची आम्हाला काही धास्ती नव्हती. खटकलं ते वेगळंच. आधीच बाजारात असलेल्या गेमनाही हे लागू होणार होतं. म्हणजे आज ज्या अटी वाचून काम सुरू करायचं, त्या उद्या गेम विकला जात असताना बदलू शकतात. आणि पब्लिशरच्या बाजूने बघा. त्याचा सगळा हिशोब दर प्रतीमागे हातात किती पडतं यावर चालतो. स्वस्त बंडल, सबस्क्रिप्शन, फुकट वाटप यात इन्स्टॉल उदंड आणि पैसा बेताचा. इन्स्टॉलवर शुल्क बसलं की हा सगळा प्रकारच आतबट्ट्याचा ठरतो.

ओरड झाली. २२ सप्टेंबरला अटी सौम्य झाल्या, पर्सनलवाले वगळले गेले. ऑक्टोबरमध्ये सीईओ जॉन रिचिटिएलो पायउतार झाले. पुढच्या वर्षी, बरोबर १२ सप्टेंबर २०२४ ला, नव्या सीईओंनी, मॅट ब्रॉमबर्ग यांनी, गेमसाठीची ही फी रद्दच केली. पर्सनल लायसन्सची उत्पन्नमर्यादा १ लाखावरून २ लाख डॉलर झाली. "मग परत का नाही गेलात?" असं लोक विचारतात. तोवर आमचा संसार गोडोत थाटून झाला होता, आणि पुन्हा बिऱ्हाड हलवायला कुणाच्याच अंगात त्राण नव्हतं.

गोडो घेण्यामागे माझा विचार फार खोल नव्हता. २०१४ पासून मुक्तस्रोत, एमआयटी लायसन्स, रॉयल्टी नाही, आणि उद्या चालवणारी मंडळी गायब झाली तरी इंजिनचा कोड आपल्या हातात राहतो. आमच्यासारख्या द्विमितीय गेमला ते पुरेसं होतं. मी आणखी एक गोष्ट ठरवली: गोडोत सी-शार्प चालत असूनही सगळं जीडीस्क्रिप्ट या गोडोच्या स्वतःच्या भाषेत लिहायचं. कारण गोडो ४ मधला सी-शार्पचा प्रकल्प आम्ही काम करत होतो तेव्हा वेबवर निर्यात होत नव्हता आणि मला ब्राउझरमध्ये उघडणारा डेमो हवाच होता. ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या ४.३ ने एका थ्रेडवर चालणारी वेब निर्यात दिली, त्यामुळे सर्व्हरवरच्या खास सेटिंगची कटकटही गेली. त्या डेमोने पुढे आमचं बरंच काम केलं. पब्लिशरकडचा माणूस दिवसभरात ढिगाने पिच, म्हणजे गेमचे प्रस्ताव, बघतो, डाउनलोड करून इन्स्टॉल करायला सांगितलं की तो 'नंतर बघू' म्हणतो. लिंक दाबली आणि गाड्या धावायला लागल्या, तर निदान दोन मिनिटं तरी खेळतो.

युनिटीतून हलताना काय आलं आणि काय सुटलं तेही सांगते. चित्रं आणि आवाज जसेच्या तसे आले. कोणत्या रात्री कोणत्या गाड्या येणार हा तपशील मी आधीपासून जेसन फायलींत ठेवला होता, तोही आला. गाड्या सोडण्याचे नियम भाषा बदलून पुन्हा लिहावे लागले, पण डोकं लावायचं काम आधीच झालेलं असल्याने ते सरसर झालं. खरा वेळ खाल्ला पडद्यावरच्या बटणं-खिडक्यांनी. तिथला कॅनव्हास आणि इथले कंट्रोल नोड यांची रीतच वेगळी, त्यामुळे तो भाग पहिल्यापासून करावा लागला. मित्र मात्र खूश होता. गोडोचं डाउनलोड छोटं आणि त्याच्या जुनाट लॅपटॉपवर उघडायचं, त्यामुळे एखादं चित्र दोन पिक्सेल डावीकडे सरकवायला त्याला माझी वाट बघावी लागेना.

मग पिचिंग. आधी माझी समजूत अशी होती की नवखं इंजिन बघून लोक नाक मुरडतील. तसं झालं नाही. पहिल्या उत्तरांत इंजिनचा उल्लेखही नसायचा. विशलिस्ट किती (म्हणजे स्टीम या पीसी गेमच्या दुकानात 'आला की घेऊ' म्हणून कितीजणांनी नोंदवून ठेवलाय), डेमो लोक किती वेळ खेळतात, गेम एका वाक्यात सांगता येतो का, कधीपर्यंत पुरा होईल, एवढंच. आणि ते रास्त आहे. 'बलाट्रो' हा गाजलेला गेम ल्युआ भाषेत, लव्ह नावाच्या छोट्याशा फ्रेमवर्कवर लिहिलेला आहे. प्लेस्टॅक या पब्लिशरने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये पीसी आणि कन्सोलवर एकदम आणला. 'अंडरटेल' गेममेकर या इंजिनातला. 'डोम कीपर' आणि 'कॅसेट बीस्ट्स' हे दोन्ही गोडोतले, आणि दोन्हींचा पब्लिशर एकच, रॉ फ्युरी. 'स्ले द स्पायर २' गोडोत होतोय हे २०२४ मध्ये जाहीर झाल्यावर तर "गोडो? ते काय असतं?" हा प्रश्न जवळपास बंदच झाला. खेळणाऱ्याला इंजिनशी देणंघेणं नसतं आणि गेम आवडलेल्या पब्लिशरलाही पहिल्या भेटीत नसतं.

एक नकार मात्र स्पष्ट इंजिनवरून आला. एका मध्यम आकाराच्या पब्लिशरने कळवलं की गेम आवडला, पण आमची घरची पोर्टिंगची, म्हणजे गेम इतर यंत्रांवर नेणारी, टीम फक्त युनिटी आणि अनरिअलवर काम करते, बाहेरून करून घेणं आमच्या गणितात बसत नाही. त्यात राग मानण्यासारखं काही नव्हतं. उलट नेमकं कारण कळवणारे तेवढेच, बाकीच्यांनी 'सध्या आमच्या यादीत बसत नाही' यावर भागवलं.

मोबाइलच्या पब्लिशरांकडे तर मी दोन कॉलनंतर जाणंच सोडलं. फुकट गेम आणि जाहिरातींवर कमाई असा ज्यांचा धंदा आहे, त्यांची जाहिरातींची, मोजदादीची, वापरकर्ते कुठून आले हे बघण्याची सगळी यंत्रणा युनिटीभोवती बांधलेली असते. फायरबेस आणि ॲडमॉबची अधिकृत प्लगइन युनिटीसाठी तयार मिळतात. गोडोसाठी ती बहुतेक हौशी मंडळींनी लिहिलेली. शिवाय प्लेस्टोअरचे नियम दरवर्षी पुढे सरकतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि त्यापुढच्यासाठी केलेल्या नव्या ॲपना आणि अपडेटना १६ केबी मेमरी पेजचा (फोनची मेमरी ज्या मापाच्या तुकड्यांत वाटली जाते त्याचा) आधार असायलाच हवा, असा नियम आला. तुमचं इंजिन किंवा त्यातलं एखादं नेटिव्ह (थेट त्या यंत्रासाठी कंपाइल केलेलं) प्लगइन जुनं असेल तर गेम कितीही चांगला असो, अपडेट वर चढत नाही. मोबाइलवर जाहिरातींच्या जोरावर उतरायचं असेल तर मी आजही युनिटीच म्हणेन, वाद न घालता.

आता ज्या कॉलवर मला सगळं कळलं त्याबद्दल. एका छोट्या पब्लिशरला गेम आवडला होता, पैशांची प्राथमिक बोलणी झाली होती आणि मग त्यांच्या तांत्रिक प्रोड्यूसरबाई आल्या. त्यांनी पडद्यावर एक तक्ता उघडला. आडव्या ओळींत पीसी, स्टीम डेक (स्टीमवाल्यांचा लिनक्सवर चालणारा हातातला पीसी), स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स. उभ्या रकान्यांत 'कोण करणार', 'किती खर्च', 'कधीपर्यंत', 'अडलं तर कुणाला विचारायचं'. बोलता बोलता त्यांनी आमचा डेमो सुरू केला, कंट्रोलर जोडला, दोन गाड्या सोडल्या आणि खेळ चालू असताना सरळ केबल ओढून काढली. गेम थांबला. "थांबला, छान. पण कंट्रोलर सुटलाय हे खेळणाऱ्याला सांगणार कोण?" मग लॅपटॉप झोपवून उठवला. मग सेव्ह फाइल उघडून अर्धी खोडली आणि गेम पुन्हा चालू केला. मग खेळ अर्ध्यात असताना भाषा बदलली. प्रत्येक वेळी तक्त्याखाली काहीतरी टाइप करत होत्या. गेम कसा आहे यावर त्या चकार शब्द बोलल्या नाहीत, ते काम दुसऱ्यांचं होतं.

कन्सोलवर गेम जायच्या आधी त्या त्या कंपनीची तपासणी पार करावी लागते. निन्टेंडोकडे तिला लॉटचेक म्हणतात, सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या आपापल्या नियमावल्या आहेत. त्यात हेच बघतात: कंट्रोलर सुटला, यंत्र झोपलं, वापरकर्ता बदलला, सेव्ह बिघडलं, बटणांची नावं आणि चित्रं त्या यंत्राची आहेत की नाहीत. एकदा नापास झालं की तारीख पुढे, आणि जाहिरातीचा जो गाजावाजा ठरलेला असतो तोही पुढे. रुळलेल्या इंजिनांत यातल्या बऱ्याच गोष्टींच्या वाटा मळलेल्या असतात. कोणीतरी आधी ठेचकाळलेलं असतं आणि उपाय लिहून ठेवलेला असतो.

गोडोची खरी मेख इथेच आहे. कन्सोलचे विकासकिट आणि त्यांचा कोड गोपनीयतेच्या करारांखाली असतो. गोडोचा सगळा कोड जगासमोर उघडा. बंद कोड त्यात घालता येत नाही, त्यामुळे मूळ गोडोत कन्सोलवर निर्यात करायची सोयच नाही. ती बाहेरच्या कंपन्यांकडून घ्यावी लागते. गोडोच्याच जुन्या मंडळींनी २०२२ मध्ये काढलेली डब्ल्यूफोर गेम्स हे काम करते, शिवाय पोर्टिंगचाच व्यवसाय असलेल्या इतर काही आहेत. आधी तुम्हाला किंवा पब्लिशरला त्या कन्सोलचा मान्यताप्राप्त डेव्हलपर व्हावं लागतं, मग पुढची दारं उघडतात. युनिटी, अनरिअल, गेममेकरलाही ही मान्यता चुकत नाही, पण तिथे मान्यता मिळाली की इंजिनवाल्यांचाच तयार मोड्यूल हातात येतो. तेही फुकट नाही हां. युनिटीचं पर्सनल लायसन्स कन्सोलसारख्या बंदिस्त प्लॅटफॉर्मसाठी चालत नाही, पैसे भरून प्रो घ्यावं लागतं किंवा कन्सोल कंपनीकडून मिळणारी किल्ली लागते. गेममेकरमध्ये २०२३ च्या शेवटापासून पीसी-मोबाइलवर गेम विकायला एकदाच ९९.९९ डॉलर भरायचे, पण कन्सोलसाठी एंटरप्रायझची वर्गणी वेगळी.

म्हणजे त्या बाईंच्या तक्त्यात आमच्या तीन ओळींपुढे 'कोण करणार' या रकान्यात 'बाहेरचे' असं आलं आणि शेजारच्या रकान्यात आकडा. हा आकडा पब्लिशर भरतो, पण खिशातून नव्हे. तो रिकूपमध्ये जातो, म्हणजे गेमची कमाई सुरू झाली की आधी पब्लिशर आपला खर्च वसूल करतो, मग वाटे पडतात. समजा पोर्टला ४०,००० डॉलर लागले. गेमची किंमत १५ डॉलर. सवलती, कर, परतावे आणि स्टोअरचा वाटा वजा जाता प्रतीमागे ७ डॉलर उरतात असं धरू. तर नुसतं पोर्ट फिटायला साधारण ५,७०० प्रती विकल्या जायला हव्यात. या प्रतींपैकी एकीचाही पैसा तुमच्या घरी येत नाही. फुकटचं इंजिन घेऊन आम्ही जे वाचवलं म्हणत होतो, ते इथे दुसऱ्या खात्यावर चढलं. अर्थात पीसीवर गेम चालला नाही तर हा खर्च होतच नाही. युनिटीत असतो तर कन्सोलच्या तयारीसाठी प्रोची वर्गणी कदाचित आधीच भरून बसलो असतो. कोणतं बरं, हे गेम चालतो की नाही यावर आहे आणि ते कुणाला आधी कळत नाही.

अनरिअलचाही हिशोब मी तेव्हा मांडून बघितला, कारण दुसऱ्या एका पब्लिशरने गेम त्रिमितीय करता का असं अर्धवट विचारलं होतं. (नाही केला. सिग्नल केबिनमधून बाहेर बघायचं म्हणजे त्रिमितीय हवंच, असा मित्राचा अजूनही दावा आहे.) अनरिअलला पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत काही द्यावं लागत नाही, त्यापुढे ५ टक्के. २०२५ पासून गेम एपिकच्या, म्हणजे अनरिअल बनवणाऱ्या कंपनीच्या, स्टोअरवर इतरांच्या बरोबरीने आणला तर साडेतीन टक्के. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ही रॉयल्टी एकूण विक्रीवर असते, स्टोअरचा वाटा कापण्याआधीच्या. समजा स्टीमवर २० लाख डॉलरची विक्री झाली. रॉयल्टी दुसऱ्या १० लाखांवर, म्हणजे ५०,००० डॉलर. स्टीमने आपले ३० टक्के, ६ लाख, घेतले. उरले १४ लाख. पब्लिशरचे २ लाख वसूल झाले, राहिले १२ लाख. निम्मे-निम्मे केले तर तुमचे ६ लाख. आता ते ५०,००० कुणाच्या वाट्यातून? करारात 'इंजिनची फी डेव्हलपरकडे' एवढी एक ओळ असेल तर ते तुमच्या ६ लाखांतून जाणार, म्हणजे ५ टक्क्यांचे तुमच्यापुरते ८ टक्क्यांहून जास्त झाले. वाटे पडण्याआधी कापले तर प्रत्येकाचे २५,००० जातात. एवढी कमाई झाली तर कुणी रडणार नाही हे खरं, पण ही ओळ कुठे लिहिली आहे ते सही करण्याआधी बघायचं असतं.

इंजिनमुळे आमचं जे भलं झालं तेही त्याच तक्त्यात निघालं. स्टीम डेकपुढे 'तयार' असं लागलं, कारण गोडो लिनक्सची निर्यात थेट देतो आणि आमचा विंडोज बिल्डही तिथे प्रोटॉनवर (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीवर) निमूट चालला. दुसरं म्हणजे भाषा. गोडो ४ मधला मजकूर हार्फबझ नावाची अक्षरं जुळवणारी लायब्ररी वापरून मांडला जातो, त्यामुळे अरबी उजवीकडून जुळते, थाई नीट दिसते आणि देवनागरीची जोडाक्षरं फुटत नाहीत. युनिटीच्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवायच्या साधनावर मी प्रोटोटाइपमध्ये गंमत म्हणून मराठी घालून बघितलं होतं, तेव्हा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसली होती. असल्या लिप्यांसाठी तिथे वेगळी प्लगइन शोधावी लागतात. आमच्या गेममध्ये मजकूर एवढा की पब्लिशरची भाषांतराची यादी बघून मी हे मुद्दाम दाखवलं. बाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं.

मग त्यांनी विचारलं, प्रकल्पात नेटिव्ह काय काय आहे? हा प्रश्न मला आधी कुणी विचारला असता तर बरं झालं असतं, असं वाटणारा प्रश्न. गोडोत सी-प्लसप्लसमध्ये लिहिलेली एक्स्टेन्शन जोडता येतात, पण अशी प्रत्येक गोष्ट प्रत्येक कन्सोलसाठी पुन्हा कंपाइल करावी लागते आणि तिचा लेखक ते करून देईलच असं नाही. आमच्याकडे दोन होती. एक डेटाबेससाठी, ती मी काढून टाकली, साध्या फायलींवर भागलं. दुसरी गोडोस्टीम, स्टीमच्या अचिव्हमेंट आणि क्लाउड सेव्हसाठी. ती कन्सोलवर निरुपयोगी. पण स्टीमशी बोलणारा सगळा कोड एकाच फाइलमध्ये होता. गेम फक्त 'ही कामगिरी झाली' असं सांगतो, पुढे कुणाला कळवायचं ते ती फाइल बघते. पोर्ट करणाऱ्याने तेवढी एक फाइल बदलायची. पोर्टिंग कंपनीकडून पुढे जो अंदाज आला तो पहिल्यापेक्षा बराच उतरला, त्यात या एका फाइलचा वाटा मोठा होता. माउसचं काय, हा खर्च मात्र आमच्याच माथी राहिला. सिग्नलपासून सिग्नलपर्यंत कंट्रोलरने कसं उडी मारत जायचं हे ठरवण्यात मित्राचे आणि माझे कडाक्याचे वाद झाले, आणि ते कोणत्याही इंजिनने मिटवले नसते.

कराराचा मसुदा आला तेव्हा इंजिन पुन्हा तीन-चार ठिकाणी दिसलं. एका कलमात बाहेरून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीची, फाँटपासून प्लगइनपर्यंत, लायसन्ससकट यादी मागितली होती. दुसऱ्यात इंजिनची आवृत्ती गोठवायची अट: अमुक मायलस्टोननंतर पब्लिशरला विचारल्याशिवाय आवृत्ती बदलायची नाही. गोडो ३ वरून ४ वर येताना लोकांचे प्रकल्प कसे मोडले हे बघितलेलं असल्याने मी त्यावर हुज्जत घातली नाही. तिसऱ्यात असं होतं की आम्ही काम सोडलं किंवा कंपनी बंद पडली तर सगळा स्रोत पब्लिशरकडे जाईल. इथे मी म्हटलं, इंजिनचाही स्रोत घ्या, ज्या आवृत्तीवर गेम बांधलाय तीच, आमच्याच रेपॉझिटरीत ठेवलेली आहे. बंद इंजिनात हे असं सहज देता येत नाही. त्यांच्या वकिलांना ते आवडलं. त्याच कलमाखाली त्यांनी विचारलेला दुसरा प्रश्न मला झोंबला, पण खरा होता: तुम्ही नसाल तेव्हा हा कोड पुढे नेणारा माणूस आम्हाला किती दिवसांत मिळेल? युनिटीचे प्रोग्रामर हाकेसरशी सापडतात. गोडोचे आता वाढलेत, पण कन्सोलवर गोडो नेलेला माणूस शोधायला अजून वेळ लागतो.

प्रकाशनानंतरची देखभाल किती वर्षं आणि कुणी करायची, यावर सगळ्यात जास्त घासाघीस झाली. या चर्चेच्या वेळीच ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिटीतली एक सुरक्षेची त्रुटी जाहीर झाली. २०१७.१ पासूनच्या आवृत्त्यांवर बांधलेले गेम तिच्या कचाट्यात सापडले. दुरुस्ती युनिटीने तयार ठेवली होती, पण लावायची प्रत्येकाने: गेम पुन्हा बांधा किंवा त्यांच्या साधनाने पॅच करा आणि पुन्हा चढवा. ज्या पब्लिशरच्या यादीत जुने गेम पुष्कळ आणि ज्यांचे डेव्हलपर पांगलेले, त्यांची काय धावपळ झाली असेल ते कळायला फार कल्पना लागत नाही. हे उद्या गोडोतही होऊ शकतं. म्हणून आम्ही कलमात दोन गोष्टी वेगळ्या करून घेतल्या. आमच्या कोडमधल्या चुका आम्ही ठरलेल्या मुदतीपर्यंत फुकट दुरुस्त करू. इंजिन, स्टोअर किंवा कन्सोलच्या नियमांमुळे निघालेलं काम तासाच्या दराने. हे मागायला मला धीर आला तो एक्सएनएमुळे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या गेम बनवायच्या जुन्या साधनामुळे. मायक्रोसॉफ्टने ते वाऱ्यावर सोडलं तरी त्यावर लिहिलेले गेम मेले नाहीत, कारण लोकांनी मोनोगेम आणि एफएनए हे त्याचे मुक्तस्रोत अवतार उभे केले. 'स्टारड्यू व्हॅली' आज मोनोगेमवर चालतो. 'टेरारिया'वाल्या री-लॉजिकने २०२३ च्या त्या गदारोळात गोडो आणि एफएनए दोघांना प्रत्येकी १ लाख डॉलरची देणगी दिली, ती उगाच नाही. इंजिन बसलं तर त्याला उठवणारं कुणीतरी असावं लागतं, आणि त्याचा खर्च कुणाच्या तरी नावावर पडतो.

शेवटी जो करार पदरात पडला तो असा. पीसी आधी, पब्लिशरच्या पैशांनी. कन्सोलचे हक्क त्यांच्याकडे, पण मुदतीचे: विशलिस्टचा ठरलेला आकडा गाठला तर त्यांनी पोर्टचं काम बाहेर द्यायचं, नाही दिलं तर दीड वर्षाने हक्क आमच्याकडे परत. पोर्टचा खर्च फक्त कन्सोलच्या कमाईतून वसूल होणार, पीसीच्या नाही. हे शेवटचं वाक्य मिळवायला आम्ही आगाऊ रकमेतला काही भाग सोडला. मित्र म्हणाला, "तू वेडी आहेस, हातातला पैसा सोडतेस." मैत्रीण माझ्या बाजूची होती, म्हणून निभावलं.

स्टीमच्या फेब्रुवारीच्या नेक्स्ट फेस्ट या डेमोंच्या महोत्सवात डेमो ठेवायचा की जूनपर्यंत थांबायचं, यावर आता खल चालू आहे. एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो, त्यामुळे विशलिस्टचा आकडा बराचसा त्यावरच आहे. तोवर मधल्या वेळात मी पोर्टवाल्यांसाठी टिपणं लिहून ठेवते आहे: सेव्ह कुठे जातं, पडद्यावर बटणाचं चित्र कोण ठरवतं, कोणता शेडर (पडद्यावरचे रंग-प्रकाश ठरवणारा छोटा प्रोग्राम) जुन्या स्विचवर रखडेल असं वाटतं, आणि ती स्टीमशी बोलणारी फाइल कुठे आहे.